अनुबोधपटांतील बोली आणि महोत्सवातील उपशीर्षके : नर्मदाकाठच्या चित्रपटांच्या निमित्ताने

आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सवाच्या परिचयपुस्तिकेत प्रत्येक चित्रपटाच्या नावाखाली काही ठराविक रकाने दिलेले असतात : दिग्दर्शक, देश, वर्ष, लांबी आणि भाषा. पहिल्या चार रकान्यांविषयी सहसा मतभेद होत नाही. पाचवा रकाना मात्र भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने थोडे थांबून वाचावा असा असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नर्मदेच्या काठी चित्रित झालेला एखादा अनुबोधपट घेतला, तर त्या परिसरातील पावरी, पलीकडच्या तीरावरील भिलाली, अक्कलकुवा भागातील वसावे मंडळींची देहवाली ह्या बोली त्यात येण्याचा संभव असतो. शिवाय मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी ह्या आहेतच. रकान्यात जागा एकदोन नावांपुरतीच असते. साहजिकच तेथे ज्या भाषा छापल्या जातात त्या मोठ्या असतात, आणि ज्या बोलींत माणसे प्रत्यक्ष बोलत असतात त्या नोंदीतून गळतात.

असे गळणे केवळ पुस्तिकेत होत नाही. ते पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या उपशीर्षकांतही होते. ते का होते, कसे होते आणि विद्यापीठातील अभ्यासकांनी त्याविषयी काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. नर्मदाकाठच्या चित्रपटांची निवड करण्याचे कारण असे की, त्यांत चित्रित झालेल्या प्रदेशाचा बराच भाग आज पाण्याखाली आहे. गाव पाहून चित्रपट पडताळावा ही सोय येथे उरलेली नाही. त्यामुळे चित्रपटातील ध्वनी हाच पुष्कळ ठिकाणी मूळ पुरावा ठरतो.

१. प्रदेश आणि चित्रपट

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्याच्या उत्तर उतारावर अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके नर्मदेला भिडतात. सरदार सरोवर प्रकल्पाने बाधित म्हणून जी २४५ गावे गणली गेली, त्यांतील १९३ मध्य प्रदेशातील, १९ गुजरातेतील आणि ३३ महाराष्ट्रातील. महाराष्ट्रातील ही सर्व गावे ह्याच दोन तालुक्यांतील होत. त्यांपैकी मणिबेली हे बुडिताला प्रथम तोंड देणारे गाव. तेथील शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही जलाशयात गेले. धरणाचे दरवाजे २०१७ साली बंद करण्यात आले आणि १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत जलाशय प्रथम भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये.

ह्या खोऱ्यातील संघर्षावर निघालेले स्वतंत्र अनुबोधपट संख्येने थोडे नाहीत. अली काझिमी ह्या कॅनडास्थित दिग्दर्शकाचा ‘नर्मदा : ए व्हॅली रायझेस’ (१९९४) हा १९९० अखेरच्या संघर्षयात्रेचा वृत्तांत देतो. ही यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडविण्यात आली होती. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांची ‘ए नर्मदा डायरी’ (१९९५) ही मणिबेलीसह काठावरील गावांतील प्रतिकाराची नोंद आहे. संजय काक यांचा ‘वर्ड्‌स ऑन वॉटर’ आणि फ्रॅनी आर्मस्ट्राँग ह्या ब्रिटिश दिग्दर्शिकेचा ‘ड्राउन्ड आउट’ हे दोन्ही २००२ सालचे. शेवटच्या चित्रपटात जलसिंधी येथील एका वैदूच्या कुटुंबाची हकीकत आहे. जलसिंधी मध्य प्रदेशात येते. परंतु तिच्यासमोर, नदीच्या दक्षिण तीरावर, अक्राणी तालुक्यातील डोमखेडी आहे. १९९९च्या पावसाळ्यातील सत्याग्रह ह्या दोन्ही गावांत झाला. राज्यांची सीमा नदीच्या मधून जात असली तरी सोयरीक आणि बोली ह्या दोन्ही काठांना जोडीत होत्या, ही गोष्ट चित्रपटाचा भाषिक अभ्यास करताना विसरता येणार नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना नोंदवणे इष्ट होईल. १९९८पूर्वी चित्रित झालेल्या सामग्रीत ही गावे ‘धुळे जिल्हा’ अशीच नोंदलेली असणार. ‘नंदुरबार’ ह्या शब्दाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती सापडणार नाहीत.

२. अनुबोधपटात माणूस बोलू लागला तेव्हा

अनुबोधपटात भाषेचा प्रश्न नेहमीच होता असे नाही. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ साली झाली. तिचे अनुबोधपट चित्रगृहांतून मुख्य चित्रपटापूर्वी दाखवले जात आणि त्यांचे निवेदन अनेक भारतीय भाषांत केले जाई. चित्र तेच राही, निवेदकाचा आवाज मात्र प्रांतागणिक बदले. शेतकरी, मजूर किंवा आदिवासी पडद्यावर दिसत. परंतु ते स्वतः क्वचितच बोलत. त्यांच्याविषयी निवेदक बोले. अशा रचनेत बोलीचे भाषांतर करण्याची वेळच येत नसे, कारण बोली ध्वनिपट्टीवर येतच नसे.

हे चित्र हळूहळू पालटले. हातात धरता येईल असा कॅमेरा आणि त्याच्याशी मेळ राखून ध्वनी टिपणारे सुटसुटीत यंत्र ही जोडी १९६०च्या सुमारास जगात उपलब्ध झाली. एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) ह्या फिल्म्स डिव्हिजनच्याच चित्रपटात वीस वर्षांचे तरुण स्वतःच्या तोंडाने बोलतात. पुढे १९८०नंतर व्हिडिओ कॅमेरे स्वस्त व हलके झाले, तेव्हा दोनतीन माणसांचा चमू, शासकीय अथवा व्यापारी भांडवलाविना, डोंगरवाट चालून एखाद्या पाड्यापर्यंत जाऊ लागला आणि तेथे दिवसच्या दिवस राहून चित्रण करू लागला. ‘स्वतंत्र चित्रपट’ ह्या शब्दप्रयोगाचा येथील खरा आशय हाच होय. पैसा कोणाचा, यंत्र कोणाच्या हाती आणि संकलनाच्या मेजावर अखेरचा निर्णय कोणाचा, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते स्वातंत्र्य अवलंबून असते. माणसे आपल्या बोलीत, आपल्या ओसरीवर बसून बोलू लागली ती ह्या बदलामुळे. आणि त्याच क्षणी भाषांतराचा प्रश्न उभा राहिला.

३. महोत्सवाची अट

असा चित्रपट पूर्ण झाल्यावर तो कोठे दाखवावयाचा? चित्रगृहांत त्याला जागा नसते आणि दूरचित्रवाणीवर क्वचितच मिळते. महोत्सव हाच त्याचा मुख्य बाजार आणि मुख्य व्यासपीठ ठरतो. लाइपझिग, ॲम्स्टरडॅम, जपानातील यामागाता येथील महोत्सव अनुबोधपटांसाठीच प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे अनुबोधपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९०पासून दर दोन वर्षांनी भरविण्याचा प्रघात आहे.

ह्या मुंबईच्या महोत्सवानेच स्वातंत्र्याचा प्रश्न एकदा तीव्रपणे पुढे आणला. २००४च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र असावे, अशी अट आधीच्या वर्षी घालण्यात आली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. चित्रपटकारांनी संघटितपणे विरोध केल्यावर अट मागे घेण्यात आली; परंतु त्यानंतर झालेल्या निवडीवरही आक्षेप आले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबईतच ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. प्रमाणपत्राच्या अटीविषयी चर्चा झाली ती योग्यच झाली. परंतु महोत्सवांची दुसरी एक अट आहे, तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, कारण ती निरुपद्रवी वाटते. ती अट म्हणजे, चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षके असावीत.

उपशीर्षकांचे तंत्र थोडक्यात असे. पडद्याच्या तळाशी एका वेळी फार तर दोन ओळी मावतात. एका ओळीत सुमारे चाळीस अक्षरचिन्हे बसतात. अशा भरलेल्या दोन ओळी वाचण्यास सामान्य प्रेक्षकाला सुमारे सहा सेकंद लागतात, असे धरून काम केले जाते. माणूस सहा सेकंदांत ह्याहून पुष्कळ अधिक बोलतो. त्यामुळे भराभर बोललेल्या मजकुराचा बराच मोठा अंश गाळावाच लागतो. काय गाळावयाचे, याचेही संकेत ठरून गेले आहेत : पुनरुक्ती, संबोधने, उद्गार, अडखळणे, शपथा, ‘बघ’, ‘ना’, ‘का रे’ यांसारखे वाक्याच्या कडेचे शब्द. माहिती राहते, बोलण्याचा घाट जातो.

नर्मदाकाठच्या चित्रपटांत ह्याहून एक पायरी अधिक पडते. पावरी आणि इंग्रजी ह्या दोन्ही उत्तम जाणणारा भाषांतरकार सहसा मिळत नाही. गावातील एखादा द्विभाषिक कार्यकर्ता पावरी ऐकून ती हिंदीत किंवा मराठीत सांगतो आणि त्या सांगण्यावरून इंग्रजी ओळ तयार होते. चित्रपट जपानात किंवा फ्रान्समध्ये गेला म्हणजे त्या इंग्रजी ओळीवरून तिसरे भाषांतर होते. मधल्या प्रत्येक माणसाने प्रामाणिकपणे काम केले तरी, पहिल्या पायरीवर जे सुटले ते पुढे कोणालाही परत मिळत नाही.

४. काय सुटते

मोर्च्यांत ऐकू येणारी एक घोषणा उदाहरणादाखल घेऊ : ‘आमु आखा एक से’. शब्द चारच आहेत. ‘आमु’ हे मराठी ‘आम्ही’चे सगोत्र रूप, ‘आखा’ म्हणजे सगळे, आपल्या ‘अख्खा’शी नाते सांगणारा शब्द, ‘से’ हे गुजराती ‘छे’च्या जातीचे क्रियापद. इंग्रजीत ह्याचे ‘वी आर ऑल वन’ असे भाषांतर होईल आणि ते चूक म्हणता येणार नाही. तथापि मराठी वाचकाने क्षणभर थांबून ‘आम्ही सगळे एक आहोत’ आणि ‘आपण सगळे एक आहोत’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात ऐकणारा बाहेर आहे, दुसऱ्यात तो आत आहे. समोर पोलीस किंवा सर्वेक्षणाला आलेला अधिकारी उभा असताना ह्या भेदाला केवढा अर्थ येतो, हे सांगावयास नको. इंग्रजी ‘वी’ हा भेद दाखवीत नाही. हिंदी ‘हम’ही तो सक्तीने दाखवीत नाही, आणि मधली पायरी पुष्कळदा हिंदीचीच असते. मुलाखतीतील माणूस कोणत्या क्षणी ‘आम्ही’ सोडून ‘आपण’ म्हणू लागला, म्हणजेच कॅमेऱ्यामागच्या माणसाला त्याने केव्हा आपल्यात घेतले, हे उपशीर्षकांवरून कळण्याचा मार्ग नाही. ध्वनिपट्टी ऐकली तरच ते कळते.

दुसरे उदाहरण संबोधनाचे. सातपुड्यातील माणूस मराठीत बोलू लागला की साहेबालाही पुष्कळदा ‘तू’ म्हणतो. त्यात उर्मटपणा नसतो. त्याच्या बोलीची ती सहज रीत आहे. नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला तो अपमान वाटतो आणि प्रसंग बिघडतो. पडद्यावर असा प्रसंग आला तर इंग्रजी उपशीर्षकात ‘यू’ एवढेच उरते; अधिकाऱ्याच्या कपाळावरची आठी प्रेक्षकाला दिसते, परंतु तिचे कारण कळत नाही. मराठी उपशीर्षके करणाऱ्याने भीडेपोटी ‘तुम्ही’ लिहिले तर आणखीच घोटाळा होतो.

तिसरी गोष्ट भाषा बदलण्याची. एकच माणूस शेजाऱ्याशी पावरीत, तलाठ्याशी मराठीत आणि पत्रकाराशी हिंदीत बोलतो. ह्या प्रत्येक बदलात त्याचे त्या माणसाशी असलेले नाते आणि त्याच्या मनावरील दडपण उमटत असते. उपशीर्षके मात्र एकाच अक्षरवळणात, एकाच इंग्रजीत, सलग वाहतात. उलट प्रकल्पाचा बचाव करणारा तज्ज्ञ इंग्रजीत बोलत असल्यास त्याला उपशीर्षक लागत नाही. परदेशी प्रेक्षक त्याचा आवाज ऐकतो, त्याच्या स्वरातील खात्री किंवा चलबिचल जोखतो. आदिवासी मात्र ऐकला जात नाही, वाचला जातो. चित्रपट आदिवासींच्या बाजूचा असतानाही ही विषमता राहते, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

हा प्रश्न केवळ अनुबोधपटांचा नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) ह्या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी ह्या चार भाषा आहेत. कोण कोठे कोणती भाषा बोलतो यातून न्यायालयातील सारी उतरंड उभी राहते. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पारितोषिके मिळाली. परंतु तेथील प्रेक्षकाला चार भाषांऐवजी एकच भाषा वाचावयास मिळाली असणार. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याच्या घरी कैकाडी बोलली जाते आणि घराबाहेर मराठी. मराठी प्रेक्षकालाही ती कैकाडी कळत नाही, आणि ते न कळणे हा त्या चित्रपटाच्या अर्थाचा एक भाग आहे. इंग्रजी उपशीर्षकांनी दोन्ही सारखीच सुबोध केली म्हणजे तो अर्थ पातळ होतो.

५. एक आक्षेप

यावर असा आक्षेप येईल की, उपशीर्षके नसती तर ह्या खोऱ्यातील आवाज बाहेर पोचलाच नसता. आक्षेप रास्त आहे. जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र परीक्षण समितीचा अहवाल १९९२ साली आला, आणि १९९३ साली बँकेचे ह्या प्रकल्पाला होणारे कर्जसाहाय्य थांबले. मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी करणारे १९९४चे आंतरराष्ट्रीय निवेदन ‘मणिबेली जाहीरनामा’ ह्या नावाने ओळखले जाते. अक्कलकुवा तालुक्यातील एका लहान गावाचे नाव जगभर उच्चारले गेले, त्यामागे अनेकांचे श्रम होते आणि त्यांत चित्रपटांचाही वाटा होता. तेव्हा उपशीर्षके नकोत असे येथे म्हणावयाचे नाही. ती त्या वेळच्या गरजेपुरती, त्या वेळच्या प्रेक्षकासाठी केलेली असतात. चूक होते ती पुढे : अभ्यासक त्या इंग्रजी ओळी उतरवून घेतो, त्यांनाच ‘आदिवासींचे म्हणणे’ मानून अवतरणचिन्हांत घालतो आणि त्यावर प्रबंध रचतो. तीन पायऱ्यांनी गाळलेला मजकूर मूळ साक्ष म्हणून वापरणे शास्त्रशुद्ध नव्हे.

६. आपले काम

ह्या बोलींचे वर्णन अगदीच झालेले नाही असे नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग (१९०७) भिल्ल बोली व खानदेशी यांना वाहिलेला आहे. अरुण जाखडे यांनी संपादिलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडातही भिल्ली समूहातील बोलींना स्थान मिळाले आहे. जनगणना मात्र ह्या साऱ्या बोली ‘भिली/भिलोडी’ ह्या एका नावाखाली एकत्र करते. २०११ साली त्या नावाखाली एक कोटीहून अधिक भाषक नोंदले गेले. तरीही आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. नंदिनी ओझा यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या मौखिक इतिहासावरून निमगव्हाणच्या दोन कार्यकर्त्यांची कथने मराठी ग्रंथरूपाने आली आहेत. खोऱ्यात १९९२च्या सुमारास चिमलखेडी, निमगव्हाण येथे सुरू झालेल्या जीवनशाळांनी बोलीला वर्गात आणले. म्हणजे आधार आहे. चित्रपटांच्या ध्वनिपट्टीकडे मात्र भाषिक सामग्री म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला हाती घेता येईल असे काम पुढीलप्रमाणे आखता येईल. प्रथम, चित्रपटातील प्रत्येक बोलणाऱ्याच्या प्रसंगाची वेळ, स्थळ आणि बोली नोंदवावी. ‘आदिवासी भाषा’ असे मोघम लिहू नये. दुसरे, मूळ बोलणे देवनागरीत जसेच्या तसे, पुनरुक्ती आणि अडखळण्यासह, उतरवावे. तिसरे, त्याखाली शब्दशः मराठी अर्थ द्यावा आणि त्याखाली चित्रपटातील उपशीर्षक द्यावे. ह्या तीन ओळी एकाखाली एक आल्या की काय राहिले आणि काय गेले ते आपोआप दिसू लागते. चौथे, हे काम त्या बोलीच्या भाषकाबरोबर बसूनच करावे आणि त्याचे नाव, त्याची संमती असल्यास, सहलेखक म्हणून घालावे. पाचवे, दिग्दर्शकांकडे असलेल्या असंपादित चित्रणाची चौकशी करावी. दीड तासाच्या चित्रपटामागे कित्येक पटींनी अधिक चित्रण असते. पूर्ण झालेला चित्रपट एखाद्या संग्रहालयात पोचतो; उरलेल्या फिती घरातील कपाटात राहतात, आणि चुंबकीय फीत काळाबरोबर खराब होते.

ह्या कामाला मुदत आहे. बुडितातील कुटुंबे तळोदे तालुक्यातील सोमावल, रोझवा, रेवानगर यांसारख्या वसाहतींत आणि गुजरातेतही विखुरली. तेथे शेजार बदलला, बाजार बदलला, शाळेची भाषा बदलली. १९९०च्या सुमारास कॅमेऱ्यासमोर बोललेली प्रौढ माणसे आज एकतर वृद्ध आहेत किंवा हयात नाहीत. एखादा शब्द कोणत्या पाड्याचा, एखादी हाक कोणाला घातलेली, एखाद्या टेकडीचे, ओढ्याचे अथवा शेताचे नाव कोणते, हे ध्वनिपट्टी ऐकून सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती गेल्यावर चित्रपट राहील, महोत्सवातून तो पुन्हा दाखवलाही जाईल आणि इंग्रजी ओळी वाचल्याही जातील; परंतु त्या ओळींच्या वर माणसे नेमके काय बोलत आहेत, हे विचारावयाचे कोणाला, असा प्रश्न पडेल.

धडगावच्या एखाद्या सभागृहात हे चित्रपट उपशीर्षके झाकून दाखवावेत आणि प्रेक्षकांना काय ऐकू आले ते त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्यावे, अशी एक साधी सुरुवात होऊ शकेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक पडदा, एक ध्वनिमुद्रक आणि बोली येणारा एखादा विद्यार्थी एवढे पुरेसे आहे. आणि असे विद्यार्थी नंदुरबार जिल्ह्यातून महाविद्यालयांत येत असतात. त्यांच्या बोलीचा उपयोग येथे अडचण म्हणून नव्हे, तर संशोधनाचे मुख्य साधन म्हणून होईल.